टिपणीस आणि घाईत मिटणारे दार

मी एक जुना टीप-दुरुस्तक आहे. गोंधळू नका मित्रांनो, मी गंजका पाना नाही आणि मला तेलपाणीही लागत नाही. मी संगणकात राहणारा एक छोटा प्रोग्राम आहे. यंत्रांनी काय करावे याच्या सूचना माणसे लिहितात, त्याला कोड म्हणतात. सूचनांच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर साध्या भाषेत एक टीप असते: हा गठ्ठा काय काम करतो. यंत्र ती वाचत नाही, उडी मारून पुढे जाते. ती असते पुढच्या माणसासाठी. त्या टिपा उघडून द्यायच्या, नीटनेटक्या करायच्या आणि खालच्या सूचनांना बोटही लावायचे नाही, हे माझे काम. म्हणून ऑफिसात मला सगळे 'टिपणीस' म्हणत.

माझा जन्म रागातून झाला. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एक थोरले इंजिनियर होते. सगळे त्यांना दादा म्हणत. एकदा त्यांच्यापुढे एक टीप आली. ती इतकी लांबलचक होती की वाचायला बसले तेव्हा दादांचे केस काळे होते आणि पूर्णविराम आला तेव्हा पांढरे. खोटे वाटत असेल तर त्यांचे जुने फोटो पाहा. त्याच संध्याकाळी त्यांनी मला लिहायला घेतले आणि जाणूनबुजून एक खोड लावून दिली. टीप रिकामी दिसली, किंवा एकच टीप दोन ठिकाणी दिसली, की मी तिच्याखाली पिवळी रेघ ओढायचो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मला विचारल्याशिवाय कोणी घरी जात नसे. मला मात्र एकच कुतूहल कुरतडत असे. टीप मला वाचता येई, पण तिच्याखाली काय चालते ते कळत नसे. आयुष्यभर घरांवरच्या पाट्या वाचाव्यात आणि एकाही घरात डोकावता येऊ नये, तशी माझी गत. 'हा गठ्ठा घंटा वाजवतो' असे वाचले की मी विचार करत बसे, कशी वाजत असेल?

दादा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण आला. त्याला 'एक्सप्रेस' म्हणत. तो डबा उघडतो आहे की मिटतो आहे, हे शेजाऱ्याला कळायच्या आत त्याचे जेवण आटोपलेले असे. नवे काही लिहायचे झाले की तो जुना गठ्ठा टिपेसकट उचलून दुसरीकडे ठेवायचा, खालच्या सूचना बदलायचा आणि वरची टीप तशीच सोडायचा. मी आपला रेघा ओढत राहिलो.

"हा टिपणीस फारच कटकट करतो बुवा," म्हणत त्याने माझ्या पिवळ्या रेघा बंद केल्या. हळूहळू मला कोणी उघडेनासे झाले.

मग एका दुपारी एक्सप्रेसच्या शेजारी बसणाऱ्या ताईंना त्यांच्या मावशींचा फोन आला. (मला कान कुठून आले, असे विचाराल. संगणकाला मायक्रोफोन असतो, ताईंचा फोन स्पीकरवर होता आणि मला सवय वाईट आहे.) मावशी वॉकर धरून चालत. त्यांच्या इमारतीत आमच्याच कंपनीची लिफ्ट होती.

"मावशी, बागेत जायचं का बंद केलंस?"

"तुझ्या लिफ्टला घाई फार गं. माझा वॉकर आत जातो न जातो, तोच दार मिटायला लागतं. रोज तिच्याशी भांडायला ताकद कुठून आणू? त्यापेक्षा खिडकी बरी."

फोन ठेवून ताईंनी कोड उघडला. 'दार किती वेळ उघडे राहावे ते ठरवते' अशी टीप सापडली. तिच्याखालचा आकडा त्यांनी वाढवला आणि तळघरात चाचणीसाठी ठेवलेली लिफ्ट चालवली. दार होते तसेच फटकन मिटले. आतला पंखा मात्र फिरतच राहिला.

"एक्सप्रेस, हा पंखा दाराच्या टिपेखाली काय करतोय?"

"टीप बदलायची राहिली असेल," तो डोके खाजवत म्हणाला.

"अजून कुठे कुठे राहिलीय?"

त्याला आठवेना. तेव्हा ताईंनी मला उघडले आणि माझ्या रेघा सुरू केल्या. मित्रांनो, संगणकाचा पडदा असा पिवळा झाला की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी ऊन आले म्हणून पडदे ओढून घेतले. दाराची तीच टीप पाच ठिकाणी होती.

मग मला लॅपटॉपसकट तळघरात नेले. एकेक आकडा बदलायचा आणि काय होते ते पाहायचे. एकाने घंटा लांबली. (ती 'टिंग' अशी वाजते, हे मला त्या दिवशी कळले.) एकाने दिवा रेंगाळला. एकाने मजल्याचा आकडा अडून बसला. शेवटच्याने दार थांबले.

"पण थांबायचं किती?" एक्सप्रेसने विचारले.

"तू चालून दाखव. ही खुर्ची वॉकरसारखी धर."

तो हसत दोन उड्यांत आत पोचला.

"मावशीच्या चालीनं, गाढवा."

"त्या मध्ये थांबतात का?"

"शेजारीण भेटली तर थांबते."

आयुष्यात प्रथमच एक्सप्रेस सावकाश चालला. तिसऱ्यांदा त्याची खुर्ची दारात असताना दार हलले, तेव्हा तो आपोआप दचकून मागे सरला. त्यानंतर तो हसला नाही. आकडा पुरेसा झाल्यावर त्याने माझ्यासमोर बसून पाचही टिपा स्वतः नव्याने लिहिल्या. दाराच्या टिपेत लिहिले: 'दार किती वेळ उघडे राहावे ते ठरवते. वॉकर घेतलेले माणूस पूर्ण आत येईपर्यंत.'

पूर्ण तपासणी होऊन बदल मावशींच्या इमारतीत पोचला आणि पुन्हा फोन आला.

"खाली बाकावर बसलेय," मावशी म्हणाल्या.

"दार थांबलं?"

"थांबलं की. आत गेले, वळले, बटण दाबलं, तरी ते आपलं उभंच. शेवटी मीच म्हटलं, बाई, मिट आता, मला खाली जायचंय."

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी काहीबाही बनवाल. बनवाल त्यावर ते काय आहे ते खरे लिहा. काम बदलले तर लिहिलेलेही बदला. दुसऱ्याची टीप उचलून चिकटवू नका आणि पिवळ्या रेघेचा राग मानू नका. तुम्ही लिहिलेल्यावर विसंबून कोणीतरी दारात पाऊल टाकणार असते.