मापाला माणूस

"आणखी दोन पावलं डावीकडे. हं. आता हलू नकोस. श्वास रोख… सोड."

शेवटचं वाक्य आईच्या तोंडून आपोआप निघायचं. मोठ्या दवाखान्याच्या एक्स-रे विभागात तिनं सगळी नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर तिनं कॅमेरा घेतला आणि रविवारच्या हौशी मंडळींबरोबर दऱ्याखोरी पालथी घालायला लागली. "जन्मभर लोकांच्या बरगड्या काढल्या, आता डोंगराच्या काढते," असं म्हणायची. मंडळी तिला एक्स-रे बाई म्हणत आणि जरा टरकूनच असत.

लेक खडकाच्या टोकाला पाठमोरी उभी होती. अंगात लाल स्वेटर. तो रंगही आईनंच ठरवलेला. समोर दरी, पलीकडे डोंगराची निळसर रांग आणि कान बधिर करणारा वारा.

"ताई बिचाऱ्या उभ्या तरी राहतात," मागून दातांचे डॉक्टर म्हणाले. "आमची ही तर गॅलरीतसुद्धा राहायची नाही."

"मापाला माणूस लागतंच, डॉक्टर. ही नसेल तर हा एवढा डोंगर उकिरड्यासारखा दिसेल. आणि माणूस पाठमोरंच हवं. चेहरा दिसला की बघणारा तिथंच अडकतो, डोंगर राहतो बाजूला." मग आईचा आवाज चढला. "आणि ती तोफ आधी खाली ठेवा बघू! नाकापेक्षा मोती जड. हात लटपटतोय तुमचा. लहान लेन्स लावा, कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडा आणि मग बटण दाबा. दातसुद्धा असेच उपटता का?"

मागे हशा पिकला. लेकीलाही हसू आलं, पण ते दरीकडे गेलं.

दर रविवारी या क्षणाला तिला एकच वाटायचं. आता आई म्हणेल, वळ गं इकडे, एक तुझा काढते. आई म्हणायची, "झालं. ये, सांभाळून." चाळिशी उलटलेल्या, दिवसभर ग्रंथालयात लोकांना पुस्तकं शोधून देणाऱ्या बाईनं आईपाशी आपल्या फोटोसाठी हट्ट धरायचा म्हणजे कसंतरीच. ती मुकाट्यानं यायची.

परतीच्या बसमध्ये आईनं आतल्या खिशातून जादा बॅटरी काढली. थंडीत ती अंगाच्या उबेला ठेवायची, नाहीतर ऐनवेळी मान टाकते, हे तिनं पुढच्या सीटवरच्या वकीलबाईंना पुन्हा एकदा ऐकवलं. मग लेकीला म्हणाली, "पुढच्या रविवारी धुकं असेल. येशील ना?"

"बघू."

"बघू काय! ये म्हणजे ये."

सोमवारी सकाळी आईनं चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच ती खाली बसली. लेक आंघोळ करून बाहेर आली तोवर पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं.

दहाव्या-तेराव्याला माणसं आली, गेली. मावशी सगळ्यात शेवटी आपल्या घरी परतली. दोघींचं घर एकटीच्या अंगाला ढगळ होऊ लागलं. संध्याकाळी कामावरून आली की लेक आईचा संगणक उघडून बसायची. तळी, सुळके, पानगळीची जंगलं. प्रत्येकात कुठंतरी मुंगीएवढी ती, लाल. फोटो मोठा करत नेला की मुंगीही राहत नसे, लाल चौकोन तेवढे उरत.

आईनं चेहरे काढलेच नव्हते असं नाही. बसचा ड्रायव्हर होता. पुढचे दोन दात पडलेला पहारेकरी तोंडभर हसत होता. डॉक्टर तर जांभई देताना सापडले होते. नव्हती ती एकटी लेक.

"तुझा एकही सरळ फोटो नाही?" मावशीनं फोनवर विचारलं. "कमालच झाली बाई तुझ्या आईची!"

"अगं, तिला डोंगर आवडायचे," लेक म्हणाली आणि पाण्याच्या बिलाचं काहीतरी विचारून तिनं विषय बदलला.

मग एका शनिवारी डॉक्टरांचा फोन आला. मंडळी उद्या त्याच खडकावर जाणार होती. ती गेली. धुकं नव्हतं. वकीलबाईंनी तिचा हात हातात घेतला. डॉक्टर बराच वेळ कॅमेऱ्याशी खटपट करत होते. शेवटी चाचरत म्हणाले, "ताई, हरकत नसेल तर… उभ्या राहाल? कुणी नसलं की सगळं ओकंओकं दिसतंय."

"पाठमोरी?"

"बाईंचा नियम." डॉक्टर हसले. "मी एकदा छेडलं होतं त्यांना. म्हटलं, लेकीचा एक तरी समोरून काढा की. तर मला म्हणतात, छातीचा एक्स-रे पाठीकडूनच काढतात, डॉक्टर. समोरून काढला की काळीज आहे त्याहून मोठं दिसतं. घ्या!"

लेकीनं मान हलवली आणि चालत खडकाच्या टोकाला गेली. डावीकडे, उजवीकडे कुणी सांगायला नव्हतं. पाय आपले आपण थांबले. मागे शटर वाजलं, मग आणखी एकाचं.

"झालं, ताई," डॉक्टरांनी हाक दिली. "या."

ती हलली नाही. दरीकडे तोंड करून, मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "आई, एकदा समोरून काढ ना गं माझा. राहू दे डोंगर बाजूला."