तांब्याचं झाड

ती तांब्याचं पान ओल्या टिश्यूने दुसऱ्यांदा पुसत होती आणि भिंगरी शेजारी पाय आपटत होती.

"आई, पुरे ना. झिजेल ते."

"किती जणांचे हात लागलेत बघ याला. थांब, कोरडं करू दे."

बागेच्या मध्यावर नुकतंच उभं केलेलं ते तांब्याचं झाड. त्याच्या दोन फांद्या हाताला येतील इतक्या खाली वाकवलेल्या, दोन्हींच्या टोकाला एकेक पान. एकाने एक पान धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, की खोडातून सूर निघायचा. हात सुटला की बंद.

नवरा बाकावर पाय पसरून बसला होता. बुधवारपासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. बदलीला तो परस्पर हो म्हणून आला होता, आणि घरी येऊन ते सांगितलं कसं, तर दूध संपलंय हे सांगावं तसं. तिची नोकरी, भिंगरीची शाळा, सगळं उपटून दुसऱ्या गावात लावायचं. ती चिडून काही विचारायला गेली की त्याचं एकच, "होईल गं सगळं." त्या शांतपणाने तिचं डोकं आणखी फिरायचं. दगडाशी तरी किती भांडणार?

तिने एक पान धरलं, भिंगरीने दुसरं. हात जुळले आणि खोड घुमायला लागलं.

"तुझा फ्रिजसारखा येतो," भिंगरी नाराजीने म्हणाली. "बाबा, तू ये."

तो आला, आईच्या जागी उभा राहिला, आणि झाड कुकरच्या शिट्टीसारखं किंचाळलं. चालायला आलेले एक आजोबा दचकून थांबले. भिंगरी हरखून गेली.

"पान ओलं ठेवलंस तू, म्हणून," तो हसत बायकोला म्हणाला.

तिने पान ओलं ठेवलं नव्हतं. खिशातल्या रुमालाने खरखरून कोरडं केलं होतं. ती खोडाशी लावलेल्या पाटीकडे वळली. कुठेही गेलं की पाट्या वाचायची तिला खोडच होती. 'तळहाताला जितका घाम, तितका सूर चढा,' असं तिथे लिहिलं होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीचाच, बसची वाट बघत असल्यासारखा.

"आता तिघं मिळून," भिंगरीने फर्मान काढलं.

भिंगरी एका पानाशी, ती दुसऱ्याशी, तो मधे. ओला मोजा उचलावा तशी तिने त्याची बोटं चिमटीत धरली. मग तळवा लागला. तो निथळत होता.

"हे कधीपासून?" तिने हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"उगाच 'काय, काय' करू नकोस. हात बघ स्वतःचा."

त्याने नजर झोक्याकडे वळवली. झाड मात्र चढतच गेलं.

"मला न विचारता हो म्हणालास."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग?"

"मग मला बरं वाटलं असतं," तो म्हणाला, आणि आपणच बोललेलं ऐकून चपापला.

"अहो, जरा आवरा ते," आजोबा कानावर हात ठेवून म्हणाले.

"आवरतो, काका," तो म्हणाला, पण हात सोडला नाही. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिथे चाळीस माणसं माझ्या हाताखाली असतील. मला इथली सहा सांभाळताना रात्री झोप येत नाही. साहेबांना नाही कसं म्हणायचं, ते सुचलं नाही."

"आणि मला रोज 'होईल गं सगळं'?"

"तू आधीच इतकी काळजी करतेस. त्यात माझी कुठे घालू?"

तिला इतका राग आला, की तिने त्याचा हात आवळला. झाड आणखी वर गेलं. भिंगरी खिदळली, "अजून, अजून!"

मग भिंगरीचा हात दुखायला लागला. "मी झोक्यावर जाते," म्हणत ती पान सोडून पळाली आणि सूर पटकन तुटला. आजोबा सुटल्यासारखे पुढे निघाले.

आता हात धरून ठेवायचं काहीच कारण नव्हतं. झोका इथून दिसतो ना, ते तिने हात न सोडता मान वळवून पाहून घेतलं.

"साहेब काय म्हणाले, तिथपासून सांग," ती म्हणाली. "आणि हसू नकोस मधे मधे."