विनीची शेड

जानेवारीत कोराचं पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. कोरा आमची एकुलती एक मुलगी, शहरात असते. तिने लिहिलं होतं, "बाबा, तळघराच्या पायऱ्यांवरून आई एकदा पडली आहे. तिथून अवजारं वर आणणं आता बंद. बागेजवळ ठेवायला मी तयार शेड पाठवते. चिखलाने रस्ता बंद व्हायच्या आत माणसं येऊन एका दिवसात उभी करतील. तुम्ही फक्त हो म्हणा. नाहीतर दोघंही माझ्याकडे राहायला या."

हो म्हणायला काय अडलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, उरलेला वेळ पुस्तकांत गेला. या डोंगरात प्रत्येकाच्या हातचं काही ना काही उभं आहे. माझ्या बायकोच्या, विनीच्या, वडिलांनी बांधलेला गोठा तर आमच्यानंतरही राहील. माझ्या हातचं काही नाही. वाटलं, विनीसाठी एवढी एक शेड आपण बांधावी. त्याच दिवशी फावडं घेतलं, बागेच्या कडेचं बर्फ साफ केलं आणि खुंट्या ठोकून जागा आखली. मग हिवाळाभर, बर्फ पडलं की ती जागा पुन्हा झाडून काढायचो. मोठ्या हौसेने.

लाकडाची गिरणी चालवणारा लिओ थिबो आमचा शेजारी. मार्चअखेर त्याने फळ्या आणून टाकल्या.

"मास्तर, हातोडा हाय तो. खडू धरल्यावाणी धरू नगा."

"लिओ, इतक्या लवकर बांधली तर टिकेल का? सगळे मे महिन्यात बांधतात."

"यंदा बरफाची गोधडी जाड हुती. खाली जमीन काय लय गोठली नसंल. ठेवा चार दगडांवर."

विनी दारातून रोज विचारायची, "कोराला लिवलंस का?"

"लिहितो आज."

"आज म्हंजी कवाचा आज?"

शेड उभी राहिली. पाणसळ लावली तर बुडबुडा बरोबर मधोमध. विनीने कुदळ, दाताळं, खुरपी सगळं आत टांगलं, दार उगाच दोनदा उघडून लावून पाहिलं.

"बरी झालीय," ती म्हणाली. तिच्या माहेरी 'बरी'च्या वर कुणी जात नाही.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. रस्त्याचा चिखल झाला आणि अवजड गाड्यांना बंदीचे फलक लागले. एका सकाळी शेडचा दक्षिणेकडचा कोपरा वीतभर खाली गेलेला दिसला. चौकट पिळवटली होती. दार हलेना. अवजारं सगळी आत. मी ओढलं, लिओने ओढलं.

"समदं गाव सोडून हितलीच जमीन का बसली?" लिओ पुटपुटला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बर्फाची गोधडी मीच काढून घेतली होती. उघडी जमीन हिवाळाभर खोल खोल गोठत गेली आणि आता ती वितळून चिखल होत होती. मी लिओला सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"जॅक लावून उचलता येईल?"

"आता लावला तर जॅकच आत जाईल. दार फोडलं तर आख्खी बसंल. थांबायचं."

"आणि विनीचे मटार? ते पेरायचे कशाने?"

मटार वेळेवर पेरले नाहीत तर उन्हाने करपतात. लिओ गिरणीकडे निघून गेला.

दोन दिवसांनी खिडकीतून पाहिलं तर विनी बागेत चिखलात बसून सूप प्यायच्या चमच्याने मटार पेरत होती. मी धावत गेलो.

"आत चल."

"वळ पुरी हुंदे."

ओळ पुरी झाली आणि तिला उठता येईना. मी तिच्या काखेत हात घातले, जोर केला, माझे बूट चिखलात रुतले आणि मीही तिच्याशेजारी बसलो. समोर कलंडलेली शेड. विनी हसली. मग थांबली.

"मला लय गार वाजतंय, ऑरिन."

मी लिओला हाका मारल्या. माझा आवाज वर्गापुरता; गिरणीच्या करवतीपुढे काय ऐकू जाणार? तिचे हात माझ्या कोटात घेऊन मी बसून राहिलो. जेवणाच्या सुट्टीला करवत थांबली तेव्हा कुठे लिओ आला. त्याने तिला उचलून घरात नेलं. मागून मी, भिंतीला धरत.

शेगडीजवळ, पाय गरम पाण्यात बुडवून विनी म्हणाली, "आता लिही कोराला."

"काय लिहू? शेड पाठव म्हणून?"

"शेडीचं काय करायचं आता? आमी येतो म्हणून लिही."

"अगं, पण बाग..."

"तुला मला उचलता येतं का?"

मी कागद ओढला.

"मग लिही. पर मटार खाल्ल्यावर, म्हणावं. त्याच्या आदी न्हाई."

तेवढंच लिहिलं. शब्द सुधारायची माझी खोड, पण एकही सुधारला नाही. रस्त्याच्या टोकाला जाऊन आमच्या टपालपेटीत पत्र ठेवलं, पत्र न्यायचं आहे हे पोस्टमनला दिसावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली आणि तिथेच उभा राहिलो. पोस्टाची जीप चिखलातून घसरत आली. पोस्टमनने पत्र घेतलं, झेंडी खाली केली आणि चिखल उडवत पुढच्या पेटीकडे गेला.