आम्ही काही पाहिलं नाही

आमच्या पाळणाघरात एक खोटं आम्ही सगळ्याजणी इमानेइतबारे बोलतो. मूल पहिल्यांदा चाललं, की ते आम्ही पाहिलेलं नसतं. दिवसभर राबून आलेल्या आईला "आज तुमचं बाळ चाललं हो" असं सांगून तिच्या तोंडचा घास कशाला हिरावून घ्यायचा? आम्ही एवढंच म्हणतो, "आजकाल फार उभं राहतंय, घरी जरा लक्ष ठेवा." दुसऱ्या दिवशी ती धावतपळत सांगत येते आणि आम्ही आ वासतो.

ही पद्धत माझ्या मैत्रिणीने पाडली. रांगत्या मुलांची खोली आम्ही दोघी सांभाळायचो. मी फटकळ, ती गोड. माझ्यावर एखादी आई भडकली की समजूत काढायला मी तिला पुढे करायचे. आता त्या खोलीत तिचीच मुलगी आहे. एवढीशी, गोल, म्हणून आम्ही तिला गुंडी म्हणतो. आणि मैत्रीण हॉस्पिटलात. डॉक्टरांनी हात टेकले होते. नोकरी, घर आणि हॉस्पिटल यांत गुंडीचा बाप पार पिळून निघाला होता. आमच्या मोठ्या बाईंनी त्याला काही विचारलं नाही. गुंडीला सकाळी लवकर घ्यायला लागल्या, संध्याकाळी उशिरापर्यंत ठेवायला लागल्या आणि तो न्यायला आला की त्यालाही दोन घास खायला बसवायच्या.

मैत्रिणीचं एकच पालुपद होतं. "गुंडी चाललेली बघितली, की मी सुटले." असल्या बोलण्याने माझं डोकं फिरतं. "गप्प पड," म्हणायचे मी, आणि बाहेर येऊन रडायचे.

एका दुपारी मी चटया अंथरत होते. गुंडीने कपाटाचं दार सोडलं आणि तुरुतुरु चालत येऊन माझ्या गुडघ्याला मिठी मारली. मी तिला उचललं आणि कुणी बघायच्या आत डोळे पुसले. संध्याकाळी बाप आल्यावर म्हटलं, "आज हिला आईकडे न्यायचं. मी येते सोबत."

नर्सने मैत्रिणीला उशांना टेकवून बसवलं. मी गुंडीला भिंतीशी उभं केलं. ती निघाली, मध्येच धपकन बसली, उठली आणि पलंगाची चादर तिने घट्ट धरली. बापाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"अगं बाई, चालली!" मी ओरडले. "आम्ही तर अजून पाहिलंच नव्हतं!"

मैत्रीण हसली. "मेले, तुला कधीच जमलं नाही हे. केवढ्याने ओरडतेस!"

माझी मान खाली गेली. तिच्या हाताला सुई होती, म्हणून ती दोनच बोटं गुंडीच्या केसांतून फिरवत राहिली.

"कुणाकडे गेली?"

"कधी?"

"सोंग पुरे. पहिल्यांदा चालली तेव्हा कुणाकडे गेली?"

"माझ्याकडे."

बोलले आणि जीभ चावली. तिच्या हक्काचं होतं ते, आणि मिळालं मला. गुंडी चादर ओढत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला रोज भीती वाटायची, ती चालायला लागेल आणि समोर कुणीच नसेल."