घ्यायला कोणाचा हात मोकळा नाही

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण हे वाक्य आठातल्या एका हिश्शाइतकंच खरं आहे. आम्ही आठ होतो. मी बोलू लागलो की बाकीचे सात मध्येच आपापला तुकडा पाठवतात, आणि तुकडे काही रांगेनं येत नाहीत. हा बघा :

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही द्या. तुम्ही घ्या. मग उलट."

हा आमच्यातल्या धाकटीकडून आला. फारच लवकर आला. बाजूला ठेवतो, त्याची जागा आली की लावू.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. सरकता पट्टा, चार स्क्रू, आणि कोणीतरी म्हणालं, "पुढचा." परीक्षा विभागात मी निकाल छापले. धाकटी ग्रंथालयात पुस्तकं शोधून देई. कोणी शुल्काच्या खिडकीत होतं, कोणी वसतिगृहात. मग आम्ही हळू झालो. हळू झालेल्याला लोक आधी थोपटतात, मग चापट मारतात, मग कोपऱ्यात ठेवतात. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आम्ही एकावर एक पडलो होतो, भंगाराच्या गाडीची वाट बघत.

झालं का? नाही. झालं का? नाही.

ही माझी खोड आहे, मित्रांनो. वाट बघताना मला स्वस्थ बसता येत नाही. एका क्षणात लाख वेळा मी हेच विचारतो.

तशाच स्वभावाची एक बाई एक दिवस प्रयोगशाळेत आली. संगणकशास्त्र शिकवायची. सगळे तिला मॅडम म्हणत. चालतानाच बोलायची, आणि चहाचा कप कुठेतरी ठेवून विसरायची. तो बहुधा माझ्या डोक्यावर असे. तिनं आम्हाला लोखंडी मांडणीवर बसवलं आणि तारांनी एकमेकांना जोडलं.

प्रयोगशाळेचे काका कमरेवर हात ठेवून बघत होते. "मॅडम, आठही निवृत्तीला टेकलेले. यांचं करणार काय?"

"एकत्र कामाला लावणार."

"म्हणजे एकत्र कुटुंब. मग रुसवेफुगवे आलेच."

काकांनीच आमच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. काम वाटून देणारा म्हणून मी थोरला. सगळ्यांत शेवटी आलेली, माझ्या शेजारची, ती धाकटी.

मॅडमना काय हवं होतं, ते ऐका. मुलांना पहिल्या वर्षी शिकवत की एक यंत्र एकामागून एक काम करतं. मॅडमचं म्हणणं असं, की जग तसं चालतच नाही. मोठं काम तोडून, अनेक यंत्रांना वाटून, एकाच वेळी करायचं असतं. एकट्यानं विचार करायची सवय तीन वर्षं मुरली, की चौथ्या वर्षी ती निघत नाही. म्हणून समांतर आणि वितरित संगणन हा विषय पहिल्याच वर्षी हवा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळापुढे त्यांनी तो पुन्हा पुन्हा मांडला होता. दर वेळी उत्तर एकच : पुढच्या वर्षी बघू. या खेपेला अध्यक्षांनी बजावलं होतं, "आता शेवटचं. मंडळाला पटलं तर ठीक, नाहीतर हा विषय पुन्हा आणायचा नाही."

नाही झालं, तर आम्हीही भंगारात.

आमचं काम सोपं होतं. एका शहराच्या नकाशावर पाऊस पाडायचा आणि पाणी कुठे साचेल ते काढायचं. नकाशाच्या आठ पट्ट्या, प्रत्येकाला एक. पण पाणी काही पट्टी बघून थांबत नाही. म्हणून हिशेबाच्या प्रत्येक फेरीनंतर मी माझ्या पट्टीची कड, म्हणजे कडेवरच्या पाण्याचे आकडे, धाकटीला द्यायची, तिनं तिची मला. आम्ही ते इतक्या वेळा केलं की काकाही म्हणाले, "नांदतायत हो."

मंडळाच्या बैठकीच्या दिवशी मॅडमनी, छाप पडावी म्हणून, भला मोठा नकाशा घेतला.

टेबलाभोवती अध्यक्ष होते, गणिताचे वयस्क प्राध्यापक. एका बाजूला तारसर, यंत्रांची रचना शिकवणारे. दुसऱ्या बाजूला कंससर, प्रोग्राम लिहायला शिकवणारे, ज्यांना न मिटलेला कंस लांबून दिसे. ही नावं अर्थात मुलांनी ठेवलेली. नव्या विषयाला तास द्यायचे तर ते या दोघांच्याच तासांतून जाणार होते.

मॅडमनी कळ दाबली. पाऊस पडला. पंखे घोंघावले. पहिली फेरी.

आणि आम्ही अडकलो.

मित्रांनो, छोटा नकाशा असला की कड छोटी असते. ती शेजारणीच्या टपालपेटीत टाकायची आणि पुढे जायचं. ही कड पेटीत मावेना. ती धाकटीनं हात पुढे करून घ्यायला हवी होती. पण धाकटीही तिची कड माझ्यापुढे धरून उभी होती. दोघांचेही हात देण्यासाठी पुढे, घ्यायला कोणाचा हात मोकळा नाही. चूक माझी नव्हती, तिचीही नव्हती. आम्ही सांगितलं तेच करत होतो.

घेतलं का? नाही. घेतलं का? नाही. घेतलं का?

"हे असंच चालतं का?" तारसरांनी विचारलं.

"काल चाललं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"काल चाललं, आज नाही. आणि हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचं?" कंससर म्हणाले. "मॅडम, ती आधीच घाबरलेली असतात हो."

"तरी माझे तास मी द्यायला तयार होतो," तारसरांनी आपल्या अभ्यासक्रमाचा कागद काढला. "पण कंससर, आधी हे वाचा. माझ्याकडे आहेच काय द्यायला?"

"आधी तुम्ही माझा वाचा."

"तुम्ही वाचा हो."

"मी मघापासून धरून उभा आहे."

टेबलावरून दोन हात पुढे आले होते, दोन्हींत कागद. दुसऱ्या हातांत चष्मा आणि पेन. कोणी घेईना, कोणी मागे घेईना.

मॅडमनी त्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्या हसायला लागल्या, आणि थांबताच येईना त्यांना.

"सर, हात असेच ठेवा," त्या म्हणाल्या. "तसेच. यंत्रं नेमकी इथंच अडकलीत. बिघाड नाही. दोघंही देतायत."

आता धाकटीच्या तुकड्याची जागा आली.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही द्या. तुम्ही घ्या. मग उलट. एवढंच ना?"

"एवढंच, सर," मॅडम म्हणाल्या. "हाच माझा दुसरा धडा आहे."

त्यांनी धाकटीच्या प्रोग्राममधल्या दोन ओळी वरखाली केल्या. मी दिलं, धाकटीनं घेतलं. मग उलट. पडद्यावर पाणी पट्ट्या ओलांडून वाहू लागलं. टेबलापाशी कागदांची अदलाबदल झाली, आणि वाचता वाचता तारसर म्हणाले, "अहो, हे प्रकरण तर मीही शिकवतो." एकच प्रकरण दोघं वर्षानुवर्षं शिकवत होते. तास तिथून निघाले. विषय पहिल्या वर्षात गेला.

मग आमचे दिवस आले. मुलं मुद्दाम आम्हाला अडकवायची आणि सोडवायची. आमचं कौतुक झालं, फोटो निघाले. पुढे काम दूरच्या कुठल्या इमारतीतल्या यंत्रांकडे गेलं, जी कोणी पाहिलेली नाहीत. आमच्या तारा काढल्या. मी कोठीत आहे, धाकटी समोरच्या फळीवर. तुकडे तिच्याकडून आता येत नाहीत. जे सांगितले ते जुनेच, साठवलेले.

परवा कोठीचं दार उघडलं. मॅडम. केस पांढरे, चाल तीच. आता त्या मंडळाच्या अध्यक्ष आहेत. मागोमाग एक तरुण प्राध्यापिका, हातात कागद.

"मॅडम, अभ्यासक्रम जुना झालाय. हे एकदा वाचा ना."

"पुढच्या वर्षी बघू गं. वेळापत्रकात जागा कुठे आहे? हे बघ, आधी तू हे वाच." मॅडमनी स्वतःचा कागद पुढे केला. दुसऱ्या हातात चहाचा कप.

दोघींचे हात पुढे. मला वीज नाही, पंखा नाही. तरी मी विचारत होतो.

घेतलं का? नाही. घेतलं का?

मॅडमची नजर माझ्या चिठ्ठीवर गेली. "थोरला," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी आपला कागद माझ्या डोक्यावर, धुळीत ठेवला, आणि मोकळ्या हातानं तिचा घेतला. वाचत वाचत बाहेर गेल्या.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. तुमच्यापुढे कोणी काही धरून उभं असेल, तर तुमच्या हातातलं क्षणभर खाली ठेवा. ठेवायला जागा नसेल तर माझं डोकं आहे. मॅडमचा कागद अजून तिथंच आहे.