शालनचा अंगठा

१९५७ सालची गोष्ट. मोशीच्या आबाजींचं तेरावं उरकलं आणि त्यांची लेक शालन परत सासरी निघाली. तिच्या चुलत्यांनी, सोनबातात्यांनी, गावच्या रीतीप्रमाणे तिच्या पुढ्यात साडी-चोळी ठेवली आणि वर हक्कसोडीचा कागद! 'वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीने भावाला सोडते,' असं त्यात लिहिलेलं. वाचकहो, असा कागद आपल्यापैकी किती घरांत निघतो, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

आणि भाऊ काही ऐरागैरा नव्हता. ज्योतीराम विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला. पुण्यात कायदा शिकवायचा, कारखान्यातल्या कामगारांसाठी कोर्टात फुकट उभा राहायचा. मानवी हक्कांवर त्याने उशाला घेता येईल एवढा जाड ग्रंथ लिहिला होता. गावाला त्याचा कोण अभिमान! घरचा कागद मात्र त्याने वाचलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं मुंबईला व्याख्यान होतं.

"शालन, अंगठा दे बाई लवकर. मला कासारवाडीला गाडी गाठायचीय."

शालनने अंगठ्याला शाई लावली. तेवढ्यात त्यांच्या आईने, गोजाबाईंनी, तिचं मनगट धरलं.

"ज्योती, नव्या कायद्यानं लेकीला वाटा हाय का न्हाई?"

"आहे, आई. पण ती राजीखुशीनं सोडतेय."

"राजीखुशीनं? इचारलंस तिला?"

"वैनी, रीतच हाय ती," तात्या पुटपुटले.

"असली रीत मोडाया तर पोराला एवढं शिकवलं, भावजी! ज्योती, परक्याच्या हक्कासाठी भांडतोस, आन् पाठच्या भणीला तोंड उघडू देत न्हाईस?"

बॅरिस्टरसाहेब बहिणीकडे वळले. त्याने हळूच विचारलं, "शालन, तुला वाटा हवाय का गं?"

ती रडू लागली. "हवा हाय, दादा. त्या रानात मी बी राबलेय. पर मागितला तर माहेर तुटंल. मग दिवाळीला मला न्यायला कोन येनार?"

अरेरे! राजीखुशी कसली, ही तर भीती! ज्योतीरामचे डोळे भरून आले. त्याने कागद टराटरा फाडला आणि शालनला घेऊन तो तडक तलाठ्याकडे गेला. गाडी चुकली ती चुकलीच.

वारसांत आईच्या आणि आपल्या नावाबरोबर बहिणीचं नाव लावून घेतल्यावर तो म्हणाला, "न्यायला मी येईनच. पण वेडे, स्वतःच्या रानात यायला कुणी न्यायला कशाला लागतंय?"

बंधूंनो, साडी-चोळी अवश्य द्या, प्रेमाने द्या. पण बहिणीच्या गप्प बसण्याला तिची संमती समजू नका!