मशीनच्या पोटातली करणी

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात एरवी दोन माणसं शिरली की तिसऱ्याला भिंतीला पाठ घासत बाहेर पडावं लागतं. त्या दिवशी तिथे अख्खी इमारत मावली होती. चमत्कार बघायचा असला की माणूस आकसतो, असा माझा अनुभव आहे. मी ओट्याच्या कडेला टेकलो होतो. म्हाताऱ्याला जागा देतात. नाही दिली तर म्हातारा मिळेपर्यंत खोकतो.

मधोमध वॉशिंग मशीन होतं. त्याच्या गोल काचेआड घरच्यांचे कपडे गढूळ पाण्यात बुडालेले. मशीन कपडे घुसळायचं, पाणी सोडायची वेळ आली की कण्हायचं आणि टूं टूं करून मुकाट व्हायचं. पाणी जात नव्हतं, म्हणून दार उघडत नव्हतं. थोरल्या सुनेचं म्हणणं, "आत कुणीतरी रडतंय."

मशीनसमोर यंत्रमहाराज बसले होते. राखाडी कफनी, तिच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबणाऱ्या. फ्रिज, मिक्सर, पंखे, ज्याला ज्याला प्लग आहे त्याच्या आत्म्यावर त्यांची सत्ता.

"यंत्राला जीव नसतो म्हणता?" ते गरजले. "मग ते तापतं का? थरथरतं का? जिवंत माणसाला ताप भरला की दुसरं काय होतं?"

"खरंच की!" मागून कुणीतरी म्हणालं. मला विचारलं असतं तर मी इस्त्रीची तब्येत विचारली असती, पण मला कुणी विचारत नाही.

"वीज काढा! आत्मा विजेला धरून बसतो. खाली परात ठेवा! पापाचं पाणी जमिनीला लागता कामा नये."

प्लग निघाला, परात आली. महाराजांनी मशीनच्या खालच्या भागावर काळं कापड टाकलं, आत हात घातला आणि पुटपुटायला सुरुवात केली. तेवढ्यात परातीत भळाभळा गढूळ पाणी आलं. कुबट वास सुटला. थोरलीने परात दोनदा रिकामी केली. मग महाराजांनी हात बाहेर काढला. चिमटीत उंदराएवढा काळा, ओला गोळा, त्यातून लांब केस लोंबत होते.

"करणी! लांब केसांच्या बाईची! बाहेरून या घरात आलेल्या बाईची!"

बाहेरून त्या घरात तिघी आल्या होत्या. पण सासूबाईंचे केस आता मोजण्याइतके उरलेत आणि थोरलीचे मानेपर्यंत कापलेले. उरली धाकटी सून. तिची वेणी कमरेखाली.

महाराजांचं अंतर्ज्ञान थक्क करणारं होतं. मशीनकडे वळण्याआधी त्यांनी बाहेरच्या खोलीत थोरलीशी नुसता अर्धा तास गप्पा मारल्या होत्या.

प्लग लावला. मशीनने घळघळ पाणी सोडलं, कपडे गरगरा पिळून दिले आणि दार उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराज म्हणाले, "ती या घरात आहे तोवर गोळा पुन्हा धरणार. मलाही पुन्हा यावं लागणार." हे दुसरं वाक्य ते फार हळू म्हणाले.

धाकटीचा नवरा कामासाठी परगावी गेलेला. सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या. थोरलीने स्वतः धाकटीची बॅग भरून दाराशी आणून ठेवली.

"वहिनी, मी काय केलंय?"

"मी कुठं काय म्हणतेय? मशीनच म्हणतंय. थोडे दिवस माहेरी राहा. तुझ्याच भल्यासाठी."

आमच्याकडे लोकांचं भलं नेहमी दुसरेच ठरवतात आणि त्यासाठी बॅगही भरून देतात.

जिन्यात पहिल्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीणबाई भेटली. "काका, चेहरा असा का? दाढ दुखतेय?"

"दाढ नाही गं, संशय ठणकतोय." मी सगळं सांगितलं. परात आणि कापड ऐकल्यावर तिने मान तिरकी केली.

"मी तोंड उघडून बघितल्याशिवाय निदान करत नाही. आणि हा माणूस बघूच देत नाही? चला माझ्या घरी."

तिने तिच्या मशीनचं काय केलं ते मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. ते लगेच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

महाराज अजून थोरलीकडे जेवत होते. डॉक्टरीणबाईने निरोप धाडला: माझंही मशीन कण्हतंय, या. महाराज आले, त्यांच्यामागे इमारत आली. बॅग घेऊन उतरणाऱ्या धाकटीचा हात धरून डॉक्टरीणबाई म्हणाली, "जरा थांब. मग हवं तर जा."

प्लग निघाला, परात आली, कापड पडलं. महाराजांचा हात आत गेला. या वेळी मंत्र लांबला. कापडाखालून खरवडल्याचा आवाज येत होता. महाराजांच्या कपाळावर घाम आला. परात मात्र कोरडी ठणठणीत. शेवटी मंत्राचा सूर चढला, बाही सळसळली आणि गोळा बाहेर आला. लांब केसांचा.

"तीच! वरच्या मजल्यावरचीच! इमारतभर पसरलीय!"

सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. एका आईने आपली मुलगी मागे ओढली. धाकटी बॅग छातीशी धरून उभी होती, आणि मला वाटलं, झालं, आता हिला कुणी परत घरात घेत नाही.

"महाराज, पाणी कसं नाही पडलं?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"पाप जुनं झालं की वाळतं."

"अस्सं. कापड उचलू?"

"खबरदार! आत्मा—"

तिने उचललं. मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण पांढऱ्या प्लास्टरने लिंपलेलं होतं. दातांचे साचे बनवतात ते, दगडासारखं वाळलेलं. त्यावर नखांचे ताजे ओरखडे होते. झाकण बंद ते बंदच.

"आत जायला वाट नाही. मग हा आला कुठून?"

मी खोकलो. "महाराज, जरा बाही झटका."

त्यांनी झटकली नाही. गर्दीतल्या त्यांच्या एका भक्तानेच भक्तिभावाने ओढली. दुसरा गोळा टपकन पडला. उद्याचा असावा. महाराज कापड टाकून जिना उतरले, तेही दोन-दोन पायऱ्या गाळत.

मग डॉक्टरीणबाईने सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर नेलं. प्लग काढला, खाली परात ठेवली, मशीनचं तेच खालचं छोटं झाकण उघडून आतली गोल टोपी फिरवली आणि जाळी बाहेर काढली.

"मशीन पाणी बाहेर टाकतं तेव्हा ते इथून जातं. केस, सुतं, बटणं इथे अडकतात. जाळी तुंबली की पाणी अडतं, पंप कण्हतो. महाराजांनी ही साफ केली, म्हणून मशीन चाललं. दुरुस्ती खरी, कारण खोटं. मशीन घेतल्यापासून ही कुणी उघडली होती?"

कुणीच नाही. कपडे धुणाऱ्या मशीनला स्वतःला धुवावं लागतं, हे आमच्या इमारतीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सकाळचा गोळा अजून कागदावर पडला होता. तिने तो चिमट्याने उकलला. लांब केस होते. मानेपर्यंतचे, मेंदी लावलेलेही होते. पांढरे होते. थोरल्याच्या मोज्याचं इलॅस्टिक होतं.

"करणी असलीच," ती म्हणाली, "तर सहकुटुंब केलेली आहे."

थोरलीने नकळत मानेमागे हात नेला.

संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक मशीनची जाळी निघाली. घरोघरी करणी सापडली. माझ्या जाळीतही. मी एकटा, डोकं तुळतुळीत, आणि गोळ्यात हातभर लांब केस. मशीन जुनं विकत घेतलंय, हे मी सांगून थकलो. लोक माझ्याकडे नव्या आदराने बघू लागले.

मंडळी, एवढंच सांगायचंय. मशीन अडलं तर वीज काढा, परात ठेवा, जाळी धुवा. तरी नाही चाललं तर ते उघडून दाखवणारा कारागीर बोलवा. कापड टाकून दुरुस्त करणाऱ्याला आधी कापड उचलायला लावा. आणि कुणी केस दाखवून माणूस घराबाहेर काढायला सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, गोळा आला कुठून?

वर आल्यावर धाकटीने बॅग पुन्हा दाराशीच टेकवली होती. धाकटी ती उचलायला वाकली, तेव्हा सासूबाई त्या दिवसात पहिल्यांदा बोलल्या.

"तू नको उचलूस." मग थोरलीकडे वळून, "दाराशी तू नेलीस ना? मग आत तूच आण."

थोरलीने बॅग आणली. रिकामीही तिनेच केली.